चाळीस मोरांचे डोळे

एप्रिल लागला की आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेरची झेरॉक्सची दुकानं सकाळपासून भरून जातात. काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं, खळीचा वास, तापलेल्या कागदाचा वास आणि भर उन्हात इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून घामाघूम झालेली फायनल इयरची मुलं. हा सबमिशनचा मोसम. द्राक्षं संपलेली असतात, उन्हाळ कांदा रस्त्यावर आलेला असतो. नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला कांद्याच्या गाडीमागे स्कूटर उभी राहिली की तो वास ओढणीत बसून थेट लॅबपर्यंत येतो. या दिवसांत कुणाला आंबे आठवत असतील, कुणाला सुट्टी. मला एक माणूस आठवतो आणि दात आपोआप आवळले जातात.

त्याचं नाव हर्षल. बारा वर्षांपूर्वी, याच शहरात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तो माझा प्रोजेक्ट पार्टनर होता. आता मी दुसऱ्या एका कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवते. मुलं म्हणतात, अश्विनी मॅडम कधी ओरडत नाहीत. खरं आहे. ओरडणाऱ्या माणसाचा राग ओरडण्यात निघून जातो. मी माझा जपून ठेवते, स्वेटर डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात तसा. दरवर्षी एप्रिलमध्ये बाहेर काढते, झटकते, कसर लागली नाही ना ते बघते आणि पुन्हा घडी घालते.

परवा सेकंड इयरला नेमका तोच भाग शिकवायचा होता. व्हेरिएबलमध्ये कधी किंमत असते आणि कधी नुसता पत्ता असतो, तो. हा भाग मी फळ्यावर शिकवत नाही. स्वातीला उभं केलं, तिला वहीत पाच लिहायला सांगितलं. प्रियांकाला म्हटलं, तिचं बघून तूही लिही. मग स्वातीने पाच खोडून नऊ केले. प्रियांकाच्या वहीत किती? पाचच. इथवर सगळे खूश. मग दोघींना एकेक चिठ्ठी दिली. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर: खिडकीजवळचं तिसरं बाक. स्वाती चिठ्ठी घेऊन गेली आणि त्या बाकावर खडूने आपलं नाव लिहून आली. नंतर प्रियांका तिच्या चिठ्ठीवरून आपलं बाक शोधत गेली, तर तिथे स्वातीचं नाव.

"मग मॅडम, माझं बाक कुठंय?" प्रियांकाने विचारलं.

"तुझं वेगळं बाक नाहीच. बाक एक, चिठ्ठ्या दोन."

वर्ग हसला. मीही हसले. पण बाकावरचं नाव पुसताना हात जरा जोरात चालला, एवढं मला कळलं.

माझं माहेर येवल्याचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पैठणी विणायचे. घरात शिरलं की आधी माग, मग माणसं. मागाची खटखट थांबली की आम्ही पोरं मान वर करून बघायचो, कारण थांबली म्हणजे धागा तुटला किंवा कोणी आलं. अण्णांना ग्राफच्या कागदाची गरज क्वचित पडायची. काठावरचा मोर त्यांच्या बोटांतच होता. मान किंचित मागे वळवलेला, जणू कोणी हाक मारली म्हणून थबकलेला. तो मोर आजोबांचा. आजोबांकडून अण्णांकडे आलेली दुसरी गोष्ट म्हणजे खूण. साडीच्या उजव्या काठावर अकराव्या मोराचा डोळा लाल. बाकी सगळ्यांचे पिवळे. घेणाऱ्याच्या ते कधी लक्षात यायचं नाही, दुकानदाराच्याही नाही. अण्णा म्हणायचे, "साडी कुठं का जाईना, आपली आपल्याला वळखता आली पायजे." एकदा कुणाच्या तरी लग्नात ते एका अनोळखी बाईच्या काठाकडे टक लावून बघत राहिले आणि आईने त्यांना कोपराने ढोसलं. अण्णा खाली मान घालून हसत होते. त्यांना अकरावा मोर सापडला होता.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय मीच सुचवला. विणकराने एक मोर काढावा आणि पडद्यावर काठ तयार व्हावा. हर्षलला विषय आवडला, कारण बाकीचे सगळे लायब्ररी आणि हॉस्पिटल करत होते. तो नाशिकचा, गंगापूर रोडचा. इंग्रजी अस्खलित, शर्टावर कायम सेंट मारलेला. मी द्वारकेजवळ कॉट बेसिसवर राहणारी, दर शनिवारी येवल्याची एसटी धरणारी. आमचं न बोलताच ठरलं की मी लिहायचं आणि त्याने बोलायचं. तेव्हा मला ते गैर वाटलं नाही. मला बोलायचा कंटाळाच होता, आणि त्याला संगणकासमोर अर्धा तास बसलं की मान दुखायची.

फेब्रुवारीत काठ तयार झाला. वीस डावीकडे, वीस उजवीकडे, चाळीस मोर. मी हौसेने उजवीकडच्या अकराव्या मोराचा डोळा लाल केला, आणि चाळीसच्या चाळीस मोरांनी माझ्याकडे लाल डोळ्यांनी पाहिलं. दोन दिवस डोकं खाजवलं. शनिवारी घरी गेले तेव्हा जेवताना अण्णांना सांगितलं. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण त्यांनी घास हातात धरून विचार केला.

"तू मोर किती इनले?"

"एक विणला. बाकीच्या जागी तोच मांडला."

"मंग येकच हाय तो. चाळीस ठिकानी दिसतुय येवढंच. चाळीस पायजे तं चाळीस इनावे लागत्यात, बाई. येक झाला म्हनून दुसरा आपसूक व्हत नाय."

पुस्तकात हेच चार पानं खर्चून सांगितलेलं होतं. मी काठाच्या प्रत्येक जागी मोर नव्हता ठेवला, मोराचा पत्ता ठेवला होता. सोमवारी लॅबमध्ये जाऊन त्या ओळीच्या शेवटी भर घातली: एक टिंब, कॉपी या इंग्रजी शब्दाची चार अक्षरं, दोन कंस. प्रत्येक जागेसाठी नवा मोर. अकराव्याचा डोळा लाल केला आणि एकच डोळा लाल झाला. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये एकटीने दोन वडापाव खाल्ले. अण्णांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, परीक्षेच्या दिवशी मी येतो बघायला.

आणि मग एप्रिल आला. अंतिम तोंडी परीक्षेआधी कॉलेजात एक आढावा असायचा. आमचे गाईड सर, विभागप्रमुख, आणि समोर आम्ही. हर्षलने छान सांगितलं. विणकरांची परंपरा, तंत्रज्ञान, सगळं. विभागप्रमुखांनी विचारलं, कामाची वाटणी कशी केली?

"सर, कोडिंग मी केलंय," हर्षल म्हणाला. "अश्विनीने टायपिंगला मदत केली. आणि डिझाईनचे फोटो तिने आणले, तिच्या घरी आहे ना ते."

गाईड सर म्हणाले, "गुड. टीमवर्क." त्यांनी मला तीन महिने रोज लॅबमध्ये एकटीला बसलेलं पाहिलं होतं.

बाहेर आल्यावर मी एवढंच विचारलं, "टायपिंग?"

"अगं, असं सांगावं लागतं. एकाने सांगितलं की इम्प्रेशन पडतं. आणि तुला कुठे बोलायचं असतं? रिपोर्टवर आहे ना तुझं नाव."

होतं. सोनेरी अक्षरांत, त्याच्या नावाखाली. मी कॉरिडॉरमध्ये उभी होते, हातात तो काळा पुठ्ठा होता आणि अंगाची आग आग होत होती. मी रडले नाही. रडले असते तर कदाचित तिथेच मिटलं असतं. बेसिनवर तोंड धुताना समोरच्या आरशात स्वतःकडे बघून मी म्हटलं, बरं. तू केलंस ना कोडिंग? मग तूच निस्तर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी लॅबमध्ये गेले आणि ती ओळ उघडली. सात वेळा बॅकस्पेस दाबला. दोन कंस, चार अक्षरं, एक टिंब. पुन्हा चालवून पाहिलं. काठ जसाच्या तसा. मान वळवलेले चाळीस मोर, पिवळे डोळे. कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. जो ती ओळ कधी वाचायला गेला असेल त्यालाच कळलं असतं, आणि हर्षल ती कधीच वाचणार नाही याची मला खातरी होती. पंख्याखाली बसून मी गार पाणी प्यायले. आयुष्यात इतकं चवदार पाणी फार कमी वेळा प्यायले आहे.

बाहेरून आलेले परीक्षक धुळ्याकडचे होते, वयस्कर, कमी बोलणारे. हर्षल रंगात आला होता. "आणि सर, यात एक युनिक फीचर आहे. विणकराची स्वतःची खूण. हजारो साड्यांत त्याला आपली साडी ओळखता येते." माझ्या घरातली गोष्ट, माझ्या वडिलांचं वाक्य, त्याच्या तोंडी इंग्रजी वळणाने. त्याने अकराव्या मोरावर क्लिक केलं, लाल रंग निवडला आणि पडद्यावरचे चाळीस डोळे एका क्षणात लाल झाले.

"सगळ्यांना खूण?" परीक्षकांनी विचारलं.

"एक मिनिट, सर. रीस्टार्ट करतो." त्याने बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा चाळीस. "सर, लॅबची मशीन स्लो आहे. मेमरीचा प्रॉब्लेम असेल."

"मशीन राहू द्या. तुम्ही काठात मोर ठेवलेत की मोराचा पत्ता ठेवलात?"

हर्षलच्या कपाळावर घामाचे थेंब आले. "पत्ता म्हणजे, सर?"

परीक्षक माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा, मॅडम."

मला माहीत होतं. कुठली फाईल, कितवी ओळ, काय कमी आहे. दहा सेकंदांत मी ते परत लिहून दाखवलं असतं आणि लॅबमधल्या सगळ्यांना कळलं असतं कोड कोणाचा आहे. आज विचार करते तर सरळ मार्ग तोच होता. पण मला सरळ मार्ग नको होता. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

"मी फक्त टायपिंग केलं, सर," मी म्हटलं.

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी बारा वर्षं सांभाळली आहे. कशाला खोटं बोलू, मला सुख झालं. पोटातून वर येणारं, ऊबदार सुख. दोघांनाही काठावर पास होण्यापुरते गुण मिळाले, त्याचंही मला काही वाटलं नाही. हे सगळं मी आनंदाने पुन्हा केलं असतं, फक्त त्यानंतर मी दाराकडे पाहिलं नसतं तर.

दाराशेजारच्या खिडकीत अण्णा उभे होते. धुतलेला पांढरा सदरा, हातात आईने दिलेल्या डब्याची पिशवी. ते येणार म्हणाले होते हे मी विसरले होते. रागात माणूस काय काय विसरतो. त्यांची नजर पडद्यावर होती. तिथे त्यांच्या वडिलांचा मोर चाळीस वेळा उभा होता आणि प्रत्येकाचा डोळा लाल होता. खूण सगळ्यांनाच असली की कुणालाच नसते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

द्वारकेला एसटीची वाट बघत आम्ही उभे राहिलो. ऊन रणरणत होतं, कांद्याचे ट्रॅक्टर जात होते. अण्णांनी मला डबा दिला.

"मशीनला अवघड असंल ते," ते म्हणाले. "चाळीस म्हंजे काय खायचं काम नाय. आपल्याला नाय जमलं तं नाय जमलं. तू नको मनाला लावून घेऊ."

आपल्याला म्हणाले. मला जमलं होतं, अण्णा. जमलेलं मी मोडलं. हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं आणि मग एसटी आली. त्यानंतर त्यांनी त्या प्रोजेक्टचं नाव कधी काढलं नाही. आधी ते शेजाऱ्यांना सांगायचे, आमची अश्विनी मोर कॉम्प्युटरवर बसवते. ते सांगणंही बंद झालं.

मी तेव्हा समजत होते की मी त्याचं प्रोजेक्ट मोडते आहे. त्याचं वेगळं आणि माझं वेगळं अशी दोन कुठे होती? एकच होतं आणि त्यावर दोन नावं होती. दरवर्षी वर्गात स्वाती-प्रियांकांना चिठ्ठ्या वाटणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं होतं. पण तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला फक्त एक नाव दिसत होतं. अण्णांचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. हर्षलचं अजिबात वाटत नाही. कधी चुकून वाटायला लागलंच, तर मी कडक चहा करून पिते आणि ते जातं.

त्याचं पुढे काही बिघडलंही नाही. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, मोठ्या पदावर आहे, आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी सगळ्यांना शहाणपण शिकवतो. मी तिथे कधी लिहीत नाही. गेल्या आठवड्यात कुणीतरी जुन्या लॅबचा फोटो टाकला आणि त्याखाली हर्षलने लिहिलं, "आमचे सगळे मोर लाल झाले होते, आठवतंय? अश्विनीचं टायपिंग चुकलं असणार." पुढे हसणारे चार चेहरे. त्याखाली आणखी सतरा जणांचे हसणारे चेहरे.

मी स्टाफरूममध्ये होते. समोर तपासायच्या जर्नलची चळत होती. एकेका जर्नलवर मी इतक्या जोरात सही केली की पेनाचं टोक वाकलं.

रविवारी येवल्याला गेले. अण्णांची नजर आता साथ देत नाही, माग बंद आहे. पण रिकामं बसवत नाही म्हणून शेजारच्या विणकरांना रेशमाच्या कांड्या भरून देतात. दुपारी ओसरीवर ते चरख्याचं चाक फिरवत कांडी भरत होते, बोटांमधून गुलबक्षी धागा सरकत होता. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. टायपिंग, आदला दिवस, सात वेळा बॅकस्पेस. चाक थांबलं नाही. सांगून झाल्यावरही ते बराच वेळ फिरत राहिलं.

"म्हंजे तुला जमलं व्हतं," अण्णा म्हणाले.

"हो."

"बारा वर्सं मी म्हनत व्हतो, मी लय अवघड गोष्ट सांगून बसलो पोरीला. माझ्या मोराच्या डोळ्याच्या नादापायी पोरीचं मार्क गेलं."

हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत एकदाही त्यांनी हे बोलून दाखवलं नव्हतं. फरशीवर रेशमाचा एक तुकडा पडला होता, तो उचलून बोटाला गुंडाळत बसले.

"त्या पोराचा राग आला, ते ठीक हाय," ते पुढे म्हणाले. "पन मोर माझा मारलास."

"हो, अण्णा."

चाक थांबलं. त्यांनी भरलेली कांडी काढून डब्यात टाकली, दुसरी लावली, पण फिरवली नाही. मला वाटलं आता रागावतील. मला ते हवंही होतं.

"आन त्याला ठावं हाय का, तू काढलं ते?"

"नाही. कुणालाच माहीत नाही. त्याला वाटतं माझं टायपिंग चुकलं."

अण्णांनी मान वर केली. नजर अधू झाली आहे, पण त्यांनी बरोबर माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"येवढी साडी इनली, आन खून न ठेवता सोडून दिली?"

मी पर्समधून फोन काढला. ग्रुपवर हसणारे चेहरे अजून तसेच होते. मी लिहायला लागले. प्रोजेक्टमधली ती ओळ मला पाठ आहे, बारा वर्षांत एक अक्षर विसरले नाही. आधी ती पूर्ण लिहिली, शेवटचं टिंब, चार अक्षरं आणि दोन कंसांसकट. त्याखाली लिहिलं: हर्षल, या ओळीच्या शेवटच्या सात खुणा मी परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता पुसल्या. पुसता आल्या, कारण त्या मीच लिहिल्या होत्या. बाकीचा सगळा कोडही मीच लिहिला. त्या सात खुणा काय करतात हे तुला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांग, सगळे वाचताहेत.

"वाच," अण्णा म्हणाले.

मी वाचून दाखवलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकलं, गिऱ्हाइकासमोर साडी उलगडली जात असताना बसायचे तसं.

"खाली नाव टाकलं का?"

"ग्रुपवर दिसतंच नाव, अण्णा. टाकायची गरज नसते."

"टाक."

मी नाव टाकलं. माझं, आणि त्याखाली अण्णांचं.

"आता सोड," ते म्हणाले, आणि कांडी फिरवायला लागले.